दगड सुटला

भोसरीतल्या एका कारखान्याच्या सुरक्षा विभागात मी एकतीस वर्षं काढली. कामाचा मोठा भाग म्हणजे अपघातांचे अहवाल वाचणं आणि ते परत पाठवणं. परत अशासाठी, की बहुतेक अहवालांत माणूसच नसायचा. 'बोट सापडलं.' 'पाना निसटला.' 'जाळी काढलेली होती.' मी लाल पेनानं शेजारी लिहायचो, 'कोणी काढली?' बिचारा सुपरवायझर वैतागायचा. मराठीत ही एक फार मोठी सोय आहे. काच फुटते, दूध उतू जातं, उशीर होतो, सांगायचं राहून जातं. करणारा मागच्या दारानं हळूच निघून जातो आणि घरात नुसती घटना उरते.

आणि हाच मी, ऑक्टोबर 1998 मधल्या राजगड–तोरणा–रायगड ट्रेकची गोष्ट आजवर अशी सांगत आलोय: अवेळी पाऊस आला, वाट चुकली, एक रात्र हाल झाले आणि शेवटी बोराट्याच्या नाळेत दगड सुटला. चार वाक्यं. एकातही मी नाही.

हा अहवाल मी परत पाठवतो आहे. पुन्हा लिहून द्यायचा आहे तोही मलाच.

त्या वर्षी 2 ऑक्टोबर शुक्रवारी आला होता. पुढे शनिवार, रविवार आणि सोमवारी कोजागिरी. एक रजा टाकली की चार दिवस हातात. शुक्रवारी राजगड, शनिवारी तोरणा, रविवारी धारेनं चालत मोहरी, सोमवारी बोराट्याच्या नाळेनं कोकणात उतरून संध्याकाळी रायगड आणि रात्री जगदीश्वराच्या देवळापाशी मसाला दूध. कागदावर हे इतकं सुंदर दिसत होतं की मी ते महिनाभर आधीच सगळ्यांना सांगून टाकलं. कँटीनमध्ये सांगितलं, सोसायटीत सांगितलं, सासुरवाडीत सांगितलं. रायगडला रोपवे होऊन तेव्हा दोनेक वर्षं झाली होती. "आम्ही मागच्या दारानं, तीन दिवस चालत जाणार," असं म्हणताना माझा आवाज जरा चढायचा.

आम्ही चौघं होतो. मी पस्तिशीचा. माझा मावसभाऊ तेवीस वर्षांचा, एका वर्कशॉपमध्ये नुकताच प्रोबेशनवर लागलेला. बँकेतला एक मित्र, माझ्याच वयाचा, कमी बोलणारा. आणि आमच्या कारखान्यातला एक शिकाऊ पोरगा, ज्याचा हा पहिलाच मोठा ट्रेक होता. म्होरक्या अर्थातच मी, कारण वाट मला माहीत होती.

ती किती माहीत होती ते सांगतो. पाच वर्षांपूर्वी डिसेंबरात मी ही वाट एकदा चाललो होतो. तेव्हा आम्ही अकरा जण होतो. पुढे या डोंगरांत मुरलेला एक माणूस आणि मी शेवटून दुसरा. चार दिवस अखंड गप्पा. माझ्या पुढे चालणाऱ्याच्या सॅकवर कोणत्या कंपनीचं लेबल होतं आणि त्याचा एक टाका कसा उसवला होता, हे मला आजही डोळ्यांपुढे आणता येतं. वाट मात्र मी पाहिलीच नव्हती. ती त्या मुरलेल्या माणसानं पाहिली होती.

सोबत नकाशा होता. सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशावरून ट्रेसिंग पेपरवर मी स्वतः दोन संध्याकाळी बसून उतरवून घेतलेला. गावं, ओढे, ठिपक्यांनी दाखवलेली पायवाट, सगळं नीट. फक्त उंची दाखवणाऱ्या रेषा मी काढल्या नाहीत. त्या भागात त्या इतक्या दाट आहेत की कंटाळा आला. म्हणजे सह्याद्रीचा नकाशा घेऊन निघालो होतो, त्यात डोंगर तेवढे नव्हते.

शिवाय गुरुवारी रात्री चारही सॅक माझ्या घरी वजनकाट्यावर चढवल्या. बँकेतल्या मित्राच्या सॅकमध्ये तीन किलोंची ताडपत्री निघाली. "ऑक्टोबरात कसली ताडपत्री?" म्हणून ती मी काढून पलंगाखाली सरकवली. त्या जागी माझा ट्रायपॉड बसला. पौर्णिमेच्या चांदण्यात रायगडाचा फोटो काढायचा तर ट्रायपॉड हवाच. दूध पावडरीचे दोन डबे, साखर, वेलदोडा, चारोळी हेही होतं. कांदे मात्र मोजून सहा घेतले, कारण त्या वर्षी कांद्यानं सगळ्या देशाला रडवलं होतं. आपल्याकडे काय महाग आहे आणि काय लागणार आहे, यांचा काही संबंध नसतो.

पहिला दिवस सांगण्यासारखा नाही, कारण त्या दिवशी मी काही बिघडवलं नाही. स्वारगेटहून एसटी, गुंजवणे, चोरदरवाज्याची खडी चढण, पद्मावतीच्या देवळात मुक्काम. संध्याकाळी संजीवनी माचीवर बसलो तेव्हा आकाश धुतल्यासारखं होतं आणि माचीच्या कडेला सोनकी पिवळीधमक फुललेली.

दुसऱ्या दिवशी अळू दरवाज्यानं उतरून तोरण्याची धार धरली. बुधला माचीकडची शेवटची चढण मुरमाची आहे. दोन पावलं वर, एक पाऊल खाली. दुपारी तीनला मेंगाईच्या देवळात सॅक टाकल्या आणि चारला आभाळ फाटलं. पाऊण तास विजा आणि पाणी, मग पुन्हा ऊन. आम्ही देवळाच्या दारात बसून मजा बघितली. मी म्हणालो, "बघा, कसं वेळेत पोचवलं."

पहिल्या पावसानं आम्हाला छपराखाली गाठलं, हे त्या ट्रेकमधलं सगळ्यात मोठं दुर्दैव. उघड्यावर गाठून सणसणीत भिजवलं असतं, तर पुढचं बहुतेक टळलं असतं. नशिबानं जे दिलं ते मी हुशारीच्या खात्यावर जमा केलं.

गडावर एक गुराखी होता. त्यानं विचारलं, उद्या कुठं? मी सांगितलं. तो म्हणाला, "मंग तांबडं फुटायला निघा. दुपारच्याला धारंवर ऱ्हाऊ नगा. सध्या रोज ईज पडतीय." मी मान डोलावली. सल्ला मनापासून ऐकून घ्यायचा आणि नेमका तेवढाच करायचा नाही, ही कला माझ्यात उपजत आहे.

सकाळी दरीत ढग भरले होते आणि झुंजार माची त्यात तरंगत होती. मी ट्रायपॉड लावला. नंतर चहा, नंतर भिजलेले मोजे वाळवणं, नंतर फोडणीची खिचडी. तोरणा सोडला तेव्हा साडेनऊ वाजले होते. 'निघायला उशीर झाला' असं मी नेहमी सांगतो.

तोरण्यापासून पश्चिमेकडे निघालेली ती धार फार देखणी आहे. ऑक्टोबरात गवत छातीएवढं असतं, कारवीची रानं ओली असतात आणि पायाखालची वाट जेमतेम वीतभर दिसते. दीडच्या सुमारास हवा एकदम थांबली. मी सवयीनं पश्चिमेला, कोकणाकडे पाहिलं. तिकडे स्वच्छ होतं. रायगडाचा माथासुद्धा दिसत होता. मी सगळ्यांना तो दाखवला आणि म्हणालो, पाऊस नाही.

जून-जुलैत ज्याचं डोंगर चढण्याचं शिक्षण झालं आहे, त्याला पाऊस समुद्राकडून येतो हेच माहीत असतं. परतीचा पाऊस तसा नाही. वारं फिरलेलं असतं. ढग देशाकडून, पूर्वेकडून चढत येतात. सकाळभर ऊन खाऊन दुपारी कोबीच्या गड्ड्यासारखे फुगतात आणि तीन-चारला कोसळतात. आदल्या दिवशी ते डोळ्यांसमोर घडलं होतं. तरी मी समोर बघत राहिलो आणि तो पाठीमागून आला.

वीज दिसल्यावर गडगडाट ऐकू येईपर्यंत तीन आकडे मोजले, तर ती साधारण किलोमीटरभर लांब. मी मोजायला लागलो तेव्हा नऊ आले. मग पाच. मग दोनसुद्धा पुरे झाले नाहीत. धारेवर एक एकटं झाड होतं. मी, सुरक्षा विभागाचा अधिकारी, तिघांना घेऊन त्या झाडाखाली जाऊन उभा राहिलो. लोखंडी ट्रायपॉड पाठीला बांधलेला. उघड्या धारेवरच्या एकुलत्या एका झाडाखाली उभं राहणं म्हणजे विजेला घरचा पत्ता देणं, हे मी शाळांमध्ये जाऊन पोरांना सांगत असे. तेव्हा काही झालं नाही. म्हणून ही चूक माझ्या जुन्या गोष्टीत कधी आलीच नाही. ज्या चुकीचं बिल येत नाही, ती चूक माणूस हिशेबात धरत नाही.

पाऊस आला तो बादलीनं ओतल्यासारखा. ताडपत्री पलंगाखाली. अर्ध्या तासात चौघंही आतपर्यंत भिजलो. नकाशावरची शाई पसरून सगळे ओढे एकमेकांत मिसळले.

पुढे धार फुटते. एक फाटा अरुंद होता, गवतात बुडालेला. दुसरी सोंड रुंद, तिच्यावरची वाट चांगली मळलेली. मी मळलेली धरली. अर्ध्या तासानं बँकेतला मित्र म्हणाला, "ही ढोरवाट आहे. सगळीकडे शेण आहे, माणसाचं पाऊल एक नाही. परत फाट्यावर जाऊ."

तो क्षण मला स्पष्ट आठवतो. त्याचं बरोबर होतं हे मला तेव्हाच कळलं होतं. फाटा साधारण दीडशे मीटर वर होता. उतरून आलेली चढण पुन्हा चढायची आणि ती तिघांच्या देखत. मी म्हणालो, "अजून जरा पुढे बघू." 'अजून जरा' हे मोजमाप मी त्या संध्याकाळी सहा वेळा वापरलं. प्रत्येक वेळी फाटा आणखी वर गेला. वाट चुकली नव्हती. वाट जिथे होती तिथेच होती.

अंधार पडायच्या सुमारास शिकाऊ पोरगा मागे पडू लागला. त्याच्या अंगात जीन्सची पँट होती. गुरुवारी रात्री मला ती दिसली होती, पण पोरगा हौसेनं नवीन पँट घालून आलाय, कशाला बोला, असं म्हणून मी बोललो नव्हतो. ती पँट आता ओल्या गोधडीएवढी जड झाली होती आणि वारा सुटला होता. तासभर तो काकडत होता. मग काकडणं थांबलं, तेव्हा मला वाटलं, बरं झालं, सावरला. मग तो ठेचकाळू लागला, शब्द जड येऊ लागले. एका दगडावर बसून हसला आणि म्हणाला, "तुम्ही व्हा पुढं, मी येतो." मी त्याच्यावर खेकसलो. आळशीपणा करतोस म्हणालो. थंडीनं अंगातली ऊब उतरत गेली की आधी कुडकुडणं असतं, आणि ते थांबतं तेव्हा धोका वाढलेला असतो, हे मी पुढे वर्षभरानं एका पुस्तकात वाचलं आणि पुस्तक मिटून बराच वेळ गॅलरीत उभा राहिलो.

मित्रानं काही न बोलता त्याचा शर्ट काढला, आपल्या सॅकमधल्या प्लास्टिकच्या पिशवीतला कोरडा स्वेटर त्याला घातला, वरून विंडचीटर, आणि तोंडात गुळाचा खडा कोंबला. मग त्याला दोन्ही बाजूंनी धरून आम्ही चालत राहिलो. साडेआठच्या सुमारास खालून कुत्रं भुंकलं. त्या आवाजावर उतरलो. धनगराचं एकच घर होतं.

म्हाताऱ्या बाबांनी कोण, कुठले हे विचारायच्या आधी पोराला चुलीपाशी बसवलं. घोंगडी दिली, चहा दिला. नाचणीची भाकरी, ठेचा आणि बुक्की मारून फोडलेला कांदा. त्या वर्षीचा कांदा. आमचे सहा सॅकच्या तळाशी होते, ते काढायचं कुणाला सुचलं नाही. पोरगा दहाच्या सुमारास पुन्हा कुडकुडायला लागला आणि बाबा म्हणाले, "आता बरा हाय."

सकाळी आभाळ असं निळं होतं, की काल काही झालंच नसावं. बाबांनी विचारलं, आता कुठं? मी नाळेचं नाव काढलं. ते थांबले. "नाळंत नगा जाऊ पावनं. पाण्यानं माती खचलीया, दगूड सैल झाल्यात. दोन दिस ऊन पडू द्या. न्हाई तर माघारी वेल्ह्याला जावा, म्या पोरगा देतो वाटंला." फुकट वाटाड्या, परतीची सोपी वाट, संध्याकाळी घर. बँकेतला मित्र लगेच म्हणाला, "परत जाऊ."

मी मत घ्यायचं ठरवलं. लोकशाही पद्धतीनं. आधी पाच मिनिटं मी बोललो: इतकं आलो, आता चार तासांचं काम, ऊन बघा कसं पडलंय, आज कोजागिरी. मग विचारलं. मित्र विरोधात. मावसभाऊ म्हणाला, "दादा, तू म्हणशील तसं." हे मी होकार म्हणून धरलं. शिकाऊ पोरगा डबा घेऊन बाहेर गेला होता. त्याचं मत मी माझ्या बाजूनं मांडून घेतलं. तीन विरुद्ध एक. ठराव मंजूर.

त्या चार दिवसांत खरी चूक कुठली, असं मला कोणी विचारलं, तर ती नाळेत झाली असं मी म्हणणार नाही. ती त्या अंगणात झाली. नाळेत फक्त तिची अंमलबजावणी झाली.

मोहरी तिथून तासाभरावर निघालं. पुढे रायलिंगाच्या पठाराच्या टोकावर गेलो. समोर दरीतून एकदम उठलेला लिंगाण्याचा सुळका, त्याच्या मागे रायगड. असं दृश्य सह्याद्रीत दुसरं असेल असं मला वाटत नाही. मी ट्रायपॉड लावून दहा मिनिटं फोटो काढले. मावसभाऊ आणि शिकाऊ पोरगा नाळेच्या तोंडाशी जाऊन थांबले. मी ओरडून सांगितलं, "व्हा पुढे, मी आलोच." दहाच्या सुमारास आम्ही उतरायला लागलो.

नाळ म्हणजे काय, हे ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी: घाटमाथ्याच्या कड्याला वरपासून खालपर्यंत गेलेली एक चीर, तिच्यात वर्षानुवर्षं पडलेल्या दगडांचा खच. काही घागरीएवढे, काही खोलीएवढे. पावसाळ्यात पाण्याची वाट, इतर वेळी माणसाची. तिच्यातला मुख्य नियम एकच, एकाच्या डोक्यावर दुसऱ्यानं उतरायचं नाही. एक तर सगळ्यांनी चिकटून जायचं, म्हणजे सुटलेला दगड वेग घेण्याआधी थांबवता येतो. नाही तर खालचा आडोशाला जाऊन 'या' म्हणेपर्यंत वरच्यानं हलायचं नाही. हे मी त्या दोघांना आदल्या रात्री शिकवलं होतं. शब्दशः.

ते दोघं बरेच खाली गेले होते. मित्र त्यांच्या मध्ये-खाली कुठे तरी. मी फोटोपायी मागे राहिलेला, म्हणून घाईत. वरचे दगड उन्हानं वाळून पांढरे दिसत होते, त्यांच्या बुडाची माती मात्र चिखल होती. मी मावसभावाच्या बरोबर वर, वीस-पंचवीस फुटांवर आलो होतो. मला थांबायचं होतं. आणखी एक पाऊल टाकून थांबू, म्हणून पाटाएवढ्या एका दगडावर मी डावा पाय ठेवला. तो डुगडुगला. पाय काढून घेण्याइतका वेळ होता. पण माझा भार पुढे गेला होता, सॅक, ट्रायपॉड आणि दुधाच्या डब्यांसकट, आणि मी स्वतःला सावरण्यासाठी त्याच दगडाला मागे रेटलं.

मी "दगड!" म्हणून ओरडलो. त्यानं वर न बघता उजवा हात डोक्यावर धरला. या सगळ्या प्रकारात माझ्या बाजूनं एवढीच एक गोष्ट आहे: मी ओरडलो म्हणून डोकं वाचलं. दगड मध्ये एकदा आपटून फुटला आणि त्याचा तुकडा मनगटावर बसला. आवाज बारीक होता, वाळकी काटकी मोडावी तसा.

माझ्या औषधांच्या डब्यात आयोडेक्स, बर्नोल आणि क्रोसिन होतं. बँडेज नव्हतं, कारण वजन. मित्रानं कारवीच्या दोन काठ्या तोडल्या, भोवती घडी घातलेलं वर्तमानपत्र गुंडाळलं, पंचाची झोळी केली. हे करताना तो एक शब्द बोलला नाही. मीच बोलत होतो. "दगड सुटला रे. माती ओली होती ना. सुटला." पाच मिनिटांत ते वाक्य तयार झालं होतं आणि पुढे ते कधी बदलावं लागलं नाही.

चार तासांचं काम आठ तास चाललं. नाळेतून आडवं मारत लिंगाण्याच्या खिंडीत जायची वाट दोन हातांनी अवघड आहे; एका हातानं ती कशी होते, ते मी पाहिलं. चारला पुन्हा पाऊस आला. तो यावेळी कुठूनही येऊ दे, मी बघितलंच नाही. अंधार पडून गेल्यावर पाने गावात पोचलो. त्या रात्री पुढे जायला वाहन नव्हतं. एका घराच्या ओटीवर जागा मिळाली. दूध पावडर होतीच, घरच्या बाईंनी चुलीवर मसाला दूध करून दिलं. आभाळ भरलेलं, चंद्र नाही. मावसभाऊ डाव्या हातात पेला धरून म्हणाला, "दादा, चारोळी छान लागतेय." तो विनोद होता की नव्हता, हे मला कळलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही.

रायगड समोर होता. आम्ही तो न चढता दुसऱ्या दिवशी महाडला गेलो. एक्स-रे, प्लास्टर, एसटी, पुणे.

मावशीच्या दारात मी आधीच तयारी करून उभा राहिलो. "अगं, नाळेत दगड सुटला." मावशी सातवी शिकलेली. तिनं माझ्याकडे बघून विचारलं, "कुणाच्या पायाखालून?" एकतीस वर्षं जो प्रश्न मी लाल पेनानं लिहीत होतो, तोच. मी म्हणालो, "वरून आला." खोटं नव्हतं. मी वरच होतो. मावसभाऊ शेजारी उभा होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग चपला काढल्या आणि आत गेला.

प्लास्टर सहा आठवडे होतं. प्रोबेशनवरच्या माणसाला सहा आठवडे कोण सांभाळणार? नोकरी गेली. 'ती नोकरी गेली' हेही मी असंच म्हणत आलो. पुढे त्यानं इलेक्ट्रिकच्या सामानाचं दुकान टाकलं, ते बरं चाललं, आणि नातेवाइकांत असं ठरलं की झालं ते बऱ्यासाठीच झालं. मी या ठरावाला कधी विरोध केला नाही. मनगट जरा तिरकं बसलं. अजूनही तो बाटलीचं झाकण डाव्या हातानं उघडतो आणि पावसाळ्यात उजवा हात खिशात ठेवतो. बँकेतला मित्र माझ्याबरोबर पुन्हा डोंगरात आला नाही. भांडण नाही, लग्नकार्याला येणं-जाणं आहे. बदललं तर एवढंच, की तो मला काही सुचवायचा बंद झाला. मावशी 2011 मध्ये गेली. तिनं तो प्रश्न पुन्हा विचारला नाही आणि मी ते उत्तर दुरुस्त केलं नाही.

लिंगाण्याचा फोटो मात्र अप्रतिम आला. मोठा करून दिवाणखान्यात लावला आहे. आलेला प्रत्येक माणूस त्याच्यापुढे थांबतो आणि मी त्याला ती चार वाक्यं ऐकवतो.

हे सगळं लिहून झाल्यावर गेल्या रविवारी मावसभावाला घरी बोलावलं आणि वाचून दाखवलं. तो चहा पीत शांतपणे ऐकत होता. मावशीच्या दारातला भाग आला तेव्हा त्यानं बिस्किट घेतलं. वाचून झाल्यावर म्हणाला, "चांगलं लिहिलंयस दादा. दोन गोष्टी तेवढ्या दुरुस्त कर."

"कुठल्या?"

"आपण नाळेत दहाला नाही उतरलो. साडेबारा वाजले होते. तू दहा मिनिटं नाही, दोन तास फोटो काढत होतास. आम्ही दोघं तोंडाशी बसून कंटाळलो म्हणून सुटलो पुढे." त्यानं भिंतीकडे हात केला. "त्यातच बघ की. सकाळी दहाची सावली अशी पडते का?"

मी उठून फोटोजवळ गेलो. सत्तावीस वर्षं तो रोज बघतोय. सूर्य माथ्यावर होता.

"आणि दुसरी?"

"ते 'दगड' म्हणून ओरडलास ना, ते दगड लागल्यावर. मी आवाज ऐकून हात वर केला होता."

तो दुकान उघडायचं म्हणून निघून गेला. वरची ती दोन्ही वाक्यं मी खोडलेली नाहीत. होती तशीच राहू दिली आहेत.